मिळकत एक, पत्ते अनेक: कोकणातल्या घरांच्या नोंदीतले शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यालगतच्या एका नव्या नगरपंचायतीत घरांची पत्तेवही संगणकावर चढवायचे काम तुमच्याकडे आले आहे. फॉर्ममध्ये ‘घर क्र.’, ‘मालमत्ता क्र.’, ‘भूखंड क्र.’, ‘रस्ता’ आणि ‘परिसर’ असे रकाने आहेत. लोक मात्र सातबारा, असेसमेंट, मिळकत पत्रिका, लाइटबिल असे हाताला येईल ते घेऊन येतात आणि कुठला आकडा कुठे भरायचा यावर रोज वाद होतो. या शब्दांचे नेमके अर्थ काय आणि रकाने कसे पाडावेत, हे तुम्हांला हवे आहे.

आधी मोजणीच्या आणि नंतर घरपट्टी सर्वेक्षणाच्या कामात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वाड्या पायी फिरलो आहे, त्या अनुभवावर सांगतो. तुमचा गोंधळ आकड्यांमुळे झालेला नाही. जमीन, मिळकत आणि पत्ता या तीन वेगळ्या वस्तू आहेत. फॉर्मने त्या एकाच ओळीत कोंबल्या आहेत, म्हणून वाद होतात.

जमिनीची ओळख म्हणजे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. ‘४२/३अ/१’ असे जे सातबाऱ्यावर दिसते ते हेच. घाटावरून आलेले कर्मचारी सवयीने याला ‘गट नंबर’ म्हणतात. जिथे एकत्रीकरण योजना (जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची) पूर्ण झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आपल्याकडे बऱ्याच गावांत अजून सर्व्हे-हिस्साच चालतो. त्यामुळे रकान्याचे नाव ‘सर्व्हे/गट क्र.’ ठेवा आणि त्यातले कोणते लागू आहे ते शेजारच्या रकान्यात लिहा. शहराच्या मध्यवस्तीत नगर भूमापन झालेले असते. तिथे सातबारा नसतो, सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका असते, जिला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात.

इथेच पहिला खड्डा आहे. मिळकत पत्रिकेतली ‘मिळकत’ म्हणजे जमिनीचा मोजलेला तुकडा. घरपट्टीच्या वहीतली ‘मिळकत’ किंवा ‘मालमत्ता’ म्हणजे ज्यावर कर बसतो ते बांधकाम किंवा त्याचा भाग. एका सिटी सर्व्हे नंबरावर चार मजली इमारत असेल तर मिळकत पत्रिका एक आणि मालमत्ता क्रमांक सोळा असू शकतात. शब्द एकच असल्याने हे दोन आकडे अदलाबदल होऊन बसलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले. तुमच्या वहीत ‘मिळकत’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे ते पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि जमिनीसाठी तो शब्द वापरूच नका.

दुसरा खड्डा आठ नंबरचा. तलाठ्याकडचा गाव नमुना ८अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात किती जमिनी आहेत त्याचा गोषवारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. लोक ज्याला असेसमेंटचा उतारा किंवा घरपत्रक म्हणतात ते हेच. दोन्हींना बोलताना ‘आठचा उतारा’ म्हणतात. तुमचे शहर कालपरवापर्यंत ग्रामपंचायत होते, म्हणजे लोकांच्या घरी जे कागद आहेत ते नमुना ८ चेच असणार. एखाद्याने ८अ आणून दाखवला आणि त्यावरचा खाते क्रमांक कोणी ‘घर क्र.’मध्ये भरला, तर ती चूक पुढची दहा वर्षे कोणाला सापडत नाही, कारण आकडा अगदी घर नंबरासारखाच दिसतो.

तिसरा शब्द ‘भोगवटादार’. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणजे जमीन धारण करणारा. वर्ग १ असेल, म्हणजे जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत असेल, तर लोक त्याला सरळ मालकच म्हणतात. घरपट्टीच्या वहीत मालकाचे नाव एका रकान्यात असते आणि भोगवटा करणाऱ्याचे दुसऱ्या. तिथे भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष राहणारा, मग तो भाडेकरू का असेना. दोन्ही याद्या यंत्राने जुळवायला घेतल्या की हा शब्द भाडेकरूला मालक करून टाकतो. कोकणात तर हे आणखी नाजूक आहे, कारण जमीन एकाची आणि तिच्यावरचे घर दुसऱ्याचे ही आपल्याकडची जुनी वस्तुस्थिती आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, गेली, कुळकायदा आला, तरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरात घर बांधून राहिलेली कुटुंबे प्रत्येक गावात आहेत. किनाऱ्यावर मच्छीमारांची कित्येक घरे अशा जागेत आहेत की त्यांच्या नावावर सातबारा नाही, पण घर नंबर आहे आणि घरपट्टी भरल्याच्या पावत्या आहेत.

म्हणून हे अगदी ठामपणे सांगतो: पत्तेवहीत घराची नोंद झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, आणि मालकीचा कागद नाही म्हणून घर वहीतून वगळायचेही नाही. नमुना ८ हा मालकीचा पुरावा धरला जात नाही, तो कराचा कागद आहे. पत्ता तर त्याहून साधी गोष्ट सांगतो, इथे माणूस राहतो एवढीच. रात्री दोन वाजता १०८ ची गाडी बोलावणाऱ्याला सातबारा विचारत नाहीत. काही ठिकाणी ‘नोंद केली तर उद्या हक्क सांगतील’ या भीतीने खाडीकाठच्या वस्त्याच यादीतून सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. ते चूक आहे. मालकीबद्दल शंका असेल तर तसा शेरा मारायला शेऱ्याचा रकाना आहे.

गावठाणाबद्दलही इथेच सांगतो. देशावर गाव म्हणजे गावठाण आणि त्याबाहेर शेती, असे चित्र असते. आपल्याकडे घर आपापल्या आगरात, माडापोफळीत, सड्याच्या उतारावर. अनेक गावांना नोंदलेले गावठाणच नाही, किंवा आहे ते देवळाभोवती चिमूटभर. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली आणि ड्रोनने मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या, त्या गावठाणातल्या घरांना. वाडीवरचे घर खाजगी सर्व्हे नंबरात असल्याने त्यातून बाहेर राहिले. तेव्हा ‘ड्रोनचा नकाशा आला की सगळी घरे आपोआप मिळतील’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वाड्या तुम्हांलाच चालाव्या लागतील.

आता पत्त्याकडे येऊ. ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. सिंधुदुर्ग’ हे आपण डोळे मिटून लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे टपाल कार्यालय. ‘मु. पो.’ जोडून लिहिणे तेव्हाच बरोबर, जेव्हा त्याच गावात पोस्ट आहे. लहान गावाचे पोस्ट शेजारच्या गावात असते, महसुली गाव तिसरेच असते आणि गट ग्रामपंचायत चौथ्या नावाची असते. हे चार रकाने वेगळे हवेत: मुक्काम, पोस्ट, महसुली गाव आणि स्थानिक संस्था. महसुली गावाला शासनाच्या स्थानिक निर्देशिकेतला (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी, एलजीडी) सहा अंकी गावसंकेत असतो आणि नव्या सातबाऱ्यावर तो छापलेला मिळतो. गावाचे नाव जुळवू नका, हा संकेत जुळवा. कुडाळ तालुक्यात नेरूर तर्फ हवेली आणि नेरूर कर्यात नारूर अशी दोन वेगळी गावे आहेत. बोलताना दोन्ही नेरूरच. नुसते ‘नेरूर’ भरलेली नोंद कोणाची, ते फक्त संकेत सांगतो. तर्फ, कर्यात, बुद्रुक, खुर्द ही शोभेची शेपटे नाहीत, ती नावाचाच भाग आहेत. लांबलचक वाटतात म्हणून डेटा एंट्री करणारी मुले ती गाळतात. त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

पिनकोड हा टपालाचा आकडा आहे, जिल्ह्याचा नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. ज्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो आखला ते आपल्या कोकणातलेच. पहिले तीन अंक टपालाच्या छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. आता रत्नागिरी शहराचा पिन ४१५६१२ आणि त्याच जिल्ह्यातल्या राजापूरचा ४१६७०२. ४१५ साताऱ्यालाही आहे, ४१६ कोल्हापूरलाही आणि सिंधुदुर्गालाही. ‘पिनवरून जिल्हा आपोआप भरा’ अशी सोय तुमच्या फॉर्ममध्ये असेल तर ती आजच बंद करा.

जिल्ह्याच्या नावालाही तारीख असते. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या खरेदीखतात ‘जिल्हा रत्नागिरी, तालुका मालवण’ असे असणारच, आणि रायगडातल्या जुन्या कागदावर कुलाबा. तो कागद चुकीचा नाही. हीच गोष्ट महामार्गाची: २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आपला १७ नंबर ६६ झाला, पण दुकानांच्या पाट्यांवर अजून १७ आहे.

रस्त्याच्या रकान्यापाशी तुमची खरी अडचण आहे, हे मला ठाऊक आहे. फॉर्म ज्याने बनवला त्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंना ओळीने घरे असलेला रस्ता होता. आपल्याकडे घराची ओळख वाडीवरून पटते. वाडी म्हणा, रत्नागिरीच्या उत्तरेला कोंड म्हणा, दापोली-अलिबागकडे आळी म्हणा, मुसलमान वस्तीत मोहल्ला म्हणा. काही गावांत पाखाडी हा शब्द वस्तीलाही लावतात आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेलाही. त्यामुळे ‘रस्ता’ रकाना सक्तीचा ठेवू नका, ‘वाडी’ ठेवा. सक्ती केली की भरणारा काहीतरी भरतोच. एका यादीत तीनशे घरांसमोर ‘मेन रोड’ लिहिलेले होते, आणि त्यातली निम्मी घरे पाणंदीने वीस मिनिटे चालल्याशिवाय येत नव्हती.

वाडीचे नाव एकटे कधी ठेवू नका. देऊळवाडी, वरचीवाडी, मधलीवाडी, टेंबवाडी गावोगावी आहेत. गावसंकेत आणि वाडी मिळूनच एक नाव पुरे होते.

रस्ते मात्र वेगळ्या यादीत जरूर नोंदवा. ग्रामपंचायतीकडे नमुना २३ म्हणजे ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते, ती मागून घ्या. तिच्यात नसलेले राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे आणि जिल्हा परिषदेकडे सापडतील. रस्त्याच्या नोंदीला सुरुवात आणि शेवट लागतो. ‘तिठ्यापासून जेटीपर्यंत’ असा, आणि जमल्यास साखळी क्रमांकासह, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराच्या आकड्यासह. नुसते नाव लिहिलेला रस्ता पुढच्या वर्षी दुसऱ्याच रस्त्याला चिकटतो. घराच्या नोंदीत मग एवढेच लिहा की गाडी कोणत्या रस्त्यापर्यंत येते आणि तिथून पुढे वाट कोणती: पाखाडी, पाणंद, की व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल. याला मी ‘पोचवाट’ म्हणतो. हा शब्द माझा आहे, सरकारी नाही, पण हा रकाना ठेवाच. पावसाळ्यात साकव वाहून जातो तेव्हा कोणती घरे तुटली हे याच रकान्यावरून कळते.

आता क्रमांक. मी ज्या ज्या वह्या बिघडलेल्या पाहिल्या, त्या बहुतेक इथे बिघडल्या होत्या. मिळकतीला एक कायमचा क्रमांक द्या आणि त्या क्रमांकात काहीही अर्थ भरू नका. प्रभाग नाही, वाडी नाही, घराचा प्रकार नाही. ‘प्र०३/दे/०११७’ असा क्रमांक दिसायला सुरेख असतो. पुढच्या निवडणुकीआधी प्रभाग रचना बदलते, तिसऱ्या प्रभागातले घर पाचव्यात जाते आणि क्रमांक खोटा होतो. मग कोणी तो बदलतो आणि जुन्या पावत्या, नळजोडणी, वारसनोंद सगळ्यांचा धागा तुटतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक मिळकतीला जास्तीत जास्त बारा अंकी क्रमांक असतो, यूपीआरएन म्हणतात त्याला, आणि रस्त्याला वेगळा, यूएसआरएन. त्या आकड्यात कुठलाही अर्थ नसतो. घर बांधायच्या आधीपासून ते पाडल्यानंतरही तो त्याच मिळकतीचा राहतो, दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. त्यांचे रस्ते आणि घरे आपल्यासारखी नाहीत, पण ही शिस्त जशीच्या तशी घेण्यासारखी आहे.

घर नंबर हा याहून वेगळा. तो दारावर रंगवलेला, माणसांनी वाचायचा. ग्रामपंचायतीने तो आकारणीच्या क्रमाने दिलेला असतो, म्हणून सतरा नंबरच्या गडग्याला लागून चारशे एक सापडतो. नगरपंचायत झाली की नवे नंबर पडतात. पडू द्या. पण कायम क्रमांकाला जोडून जुना घर नंबर, तो कोणत्या संस्थेने दिला आणि कधीपर्यंत चालला, हे सगळे ठेवा. मिळकत एक आणि तिचे पत्ते अनेक: एक चालू, बाकीचे पूर्वीचे किंवा लोकांच्या तोंडी असलेले. ‘पत्ता बदलला’ म्हणजे जुन्यावर नवा लिहिणे नव्हे, जुन्याला शेवटची तारीख देऊन खाली नवी ओळ घालणे. फेरफाराच्या वहीत तलाठी हेच करत आला आहे.

वाटण्यांचेही तसेच. एक मोठे घर, समोर एकच खळे, आत तीन भावांच्या तीन चुली. ग्रामपंचायत ११२, ११२/१, ११२अ असे नंबर देते. जमिनीत अशी फोड झाली की आकारफोड होते, म्हणजे क्षेत्र आणि सारा हिश्शांत वाटला जातो, आणि मूळ नंबर कशातून आला ते कागदावर राहते. घराच्या नोंदीत ही कडी कोणी ठेवत नाही. तुम्ही ‘मूळ मिळकत’ असा एक रकाना ठेवा, तिन्ही चुलींच्या नोंदीत ११२ चा कायम क्रमांक येऊ द्या. उद्या दोघांनी हिस्से एकत्र केले तर तेही लिहिता येईल.

स्थितीचे शब्दही ठरवून घ्या: बांधकाम चालू, वापरात, बंद, पडके, जोते, पाडलेले. ‘बंद’ आणि ‘पडके’ यांत फरक करा. चाकरमान्यांचे घर दहा महिने बंद असते, पण ते घर जिवंत आहे. आणि ‘जोते’ वगळू नका. छप्पर, भिंती गेल्या, चिऱ्यांचे जोते उरले, तरी मुंबईतल्या वारसांच्या कागदावर तोच पत्ता आहे.

जातिवाचक वाड्यांची नावे बदलायचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आणि तो योग्यच होता. रोजच्या पत्त्यात ती जुनी नावे येता कामा नयेत. नवे नाव ठरावाच्या तारखेसह चालू नाव म्हणून लावा. जुने नाव फक्त शोधासाठी ठेवा, छापील उताऱ्यावर किंवा पाटीवर ते कधीही उमटणार नाही अशी सोय करून. ते पूर्ण पुसले तर ज्यांच्या पूर्वजांच्या कागदांवर ते नाव आहे त्याच कुटुंबांना, म्हणजे ज्यांनी त्या नावाचा त्रास सोसला त्यांनाच, आपल्या घराची नोंद सापडत नाही.

नावे मुळातच देवनागरीत भरा. रोमनमधून यंत्राने उलटवलेले मराठी नाव घेऊ नका. वेंगुर्ल्यातल्या ‘मठ’ गावाचे रोमन स्पेलिंग उलटवले की ‘मॅथ’ होते, काळसे आणि कळसे एक होतात. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले यांसारखी दोन्ही चालणारी रूपे असतील तर एक प्रमाण धरा आणि दुसरे पर्यायी म्हणून नोंदवा.

हे सगळे इतके आग्रहाने सांगण्यामागे कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोलीकडच्या एका गावात नुकसानीच्या याद्या जुळवायला मी बसलो होतो. पंचनाम्यात घर नंबर नवे, ग्रामपंचायतीच्या यादीत जुने, रेशनकार्डावर नुसती आळी. एकाच आडनावाची नऊ घरे. एक घर यादीत दोनदा आले, आणि शेजारच्या वयस्कर बाईंचे घर आलेच नाही, कारण त्यांचा जुना नंबर कोणीतरी ‘दुबार’ समजून काढून टाकला होता. त्या रोज सकाळी येऊन कौलांचे तुकडे दाखवायच्या. जुना नंबर अखेर त्यांच्या ट्रंकेतल्या घरपट्टीच्या पावतीवर मिळाला. वहीत तो राहिला असता तर एका मिनिटाचे काम होते.

म्हणून प्रत्येक मिळकतीला जागेचा बिंदूही घ्या. मोबाइलने घेतलात तरी चालेल, पण बेड्याशी (कुंपणाच्या फाटकाशी) घेतला की घराच्या दारात, ते लिहा. मोठ्या आगरात या दोहोंत शंभर मीटर अंतर पडते. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षरी संकेत साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. तो बिंदूवरून काढता येतो, त्यामुळे वहीत ठेवायला हरकत नाही. पण तो जागेचा संकेत आहे, मिळकतीचा नाही. वर-खाली दोन बिऱ्हाडे असतील तर दोघांचा डिजिपिन एकच येतो. कायम क्रमांकाच्या जागी तो वापरू नका.

सुरुवात एका वाडीपासून करा, शक्यतो सर्वांत अवघड वाडीपासून. सोबत घरपट्टी वसूल करणारा शिपाई आणि पोस्टमन यांना घ्या. नकाशात नसलेली वाट त्यांच्या पायाखाली असते. पडताळणीची मुख्य फेरी गणपतीच्या दिवसांत ठेवा. बंद घरे तेव्हा उघडतात, मुंबईचे भाऊ एका छपराखाली असतात, कागदाची पिशवी माळ्यावरून खाली आलेली असते, आणि कोणती चूल कोणाची हे एका बैठकीत कळते. त्यातूनही राहिलेली घरे शिमग्याला सापडतील.